सासूबाईंचं रद्द झालेलं ऑपरेशन

१

ऑपरेशन थिएटर सज्ज होतं, सर्जन हात धुऊन उभे होते, आणि पेशंट मात्र औषधालासुद्धा नव्हता. डोळ्यांच्या त्या हॉस्पिटलात असं कधी घडलं नव्हतं. एरवी सकाळी तिथे बाकांवर टेकायला जागा मिळायची मारामार. काउंटरवरच्या बाईंनी एका पेशंटला फोन लावला, तर तो उलट त्यांच्यावरच डाफरला, "अहो, पहाटे तुम्हीच मेसेज पाठवलात ना, ऑपरेशन रद्द म्हणून?" दुसऱ्याचं तेच. तिसऱ्याचंही तेच. हॉस्पिटलनं तर काहीच रद्द केलं नव्हतं. मग बाईंनी मेसेज पाठवण्याचं काम ज्यांच्याकडे होतं, त्या कंपनीला फोन लावला आणि तोंडाचा पट्टा सोडला.

ती कंपनी म्हणजे थोरलीचं सासर.

खाली ऑफिस, वर घर, मधे एक जिना, एवढाच सगळा कारभार. थोरला, म्हणजे थोरलीचा नवरा, गिऱ्हाइकं सांभाळायचा. प्रोग्रॅम लिहायची धाकटी, म्हणजे तिची जाऊ. धाकटीचा नवरा, धाकटा, याच्याकडे क्लाउडच्या चाव्या होत्या. कुठलाही प्रोग्रॅम खऱ्या कामाला लागायचा तो त्याच्याच हातून. आणि थोरली टेस्टर. दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढायच्या हा तिचा पेशा. "वर फुकट करते तेच खाली पगार घेऊन करते," असं सासूबाई म्हणायच्या, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

थोरल्यानं फोन ठेवला तेव्हा त्याचा चेहरा पार उतरला होता. "सगळ्यांचं रद्द," तो म्हणाला. "एकूण एक पेशंटचं."

सासूबाई जिन्यात उभ्या राहून ऐकत होत्या. "मग त्यात एवढं डोक्याला हात लावून बसायला काय झालं? माझं तर कालच रद्द झालं."

"आई, प्लीज! ही काय चेष्टेची वेळ आहे?"

सासूबाईंच्या डोळ्यांना काहीही झालेलं नव्हतं. पण कंपनीचे चाचणीचे मेसेज घरच्यांच्याच फोनवर यायचे, त्यामुळे त्यांच्या दोन्ही डोळ्यांची आजवर अनेकदा ऑपरेशनं ठरली होती, पुढे गेली होती आणि यशस्वी झाली होती. त्यांच्या बोलण्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

"संध्याकाळपर्यंत मुदत आहे," थोरला म्हणाला. "कुणामुळे झालं ते सांगा, आणि त्या माणसाचा हात आमच्या कामाला पुन्हा लागता कामा नये, असं स्वच्छ सांगितलंय त्यांनी. नाहीतर आपलं काम गेलं."

सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. नवा प्रोग्रॅम धाकटीनं लिहिला होता, आणि तो कालच संध्याकाळी क्लाउडवर चढला होता. धाकटी भिंतीला टेकून उभी होती.

थोरला थोरलीकडे वळला. "तू शोध. चुका काढण्यात तुझा हात धरणारं कुणी नाही."

थोरलीनं चेहरा गंभीर ठेवला. मनात मात्र उकळ्या फुटत होत्या.

२

आता उगाच झाकून कशाला ठेवायचं? धाकटी थोरलीच्या डोळ्यात सलत होती, आणि तीही लग्न होऊन घरात आली त्या दिवसापासून.

आधी थोरलीनं 'ठीक आहे' म्हटल्याशिवाय ऑफिसातलं पान हलत नसे. मग धाकटी आली आणि तिनं स्वतःच स्वतःचं काम तपासायची सोय करून टाकली. थोरलीचं टेबल खिडकीपाशी होतं, ते प्रिंटरशेजारी सरकलं. हॉस्पिटलवाले "मॅडमना द्या" म्हणायचे, आणि मॅडम म्हणजे धाकटी. इतकंच काय, सासूबाईसुद्धा आल्यागेल्याला सांगायच्या, "आमच्या धाकटीचं डोकं काय चालतं म्हणून सांगू!" जणू थोरली डोकं घरी ठेवूनच खाली उतरायची. हे सगळं ऐकून थोरलीचा नुसता जळफळाट व्हायचा, आणि तो तिला कुणापाशी बोलून दाखवायचीही चोरी होती.

धाकटीच्या नव्या प्रोग्रॅमला घरात 'निरोप्या' म्हणायचे. कंपनीचं स्वतःचं मोठं मशीन नव्हतंच. निरोप्या राहायचा क्लाउडमध्ये, म्हणजे दूरच्या कुठल्या तरी परक्या मशीनवर. काम असलं की जागा व्हायचा, काम करायचा आणि पुन्हा निजायचा. जेवढा वेळ जागा, तेवढंच भाडं. "मला असला नोकर का नाही मिळत?" असं सासूबाईंनी विचारून झालं होतं. निरोप्या पहाटे उठायचा आणि हॉस्पिटलची यादी बघायचा. ज्याचं ऑपरेशन आजच आहे त्याला 'उपाशी पोटी या' असं कळवायचं, आणि हॉस्पिटलनं ज्याची तारीख पुढे ढकलली असेल त्याला 'आजचं रद्द' म्हणून. बस, एवढंच त्याचं काम.

पण त्याला वर पाठवण्याआधी तालीम करायची, हा घरचा नियम होता. आपल्याच लॅपटॉपवर खोटं क्लाउड उभं करायचं, खोटे पेशंट, खोट्या तारखा. मेसेज तेवढे खरे. मोठी तालीम केली की घरातल्या सगळ्यांचे फोन वाजायचे. छोटी तालीम केली की ज्याचा लॅपटॉप, त्याच्या एकट्याच्या फोनवर मेसेज जायचा.

थोरलीनं धाकटीला समोर बसवलं. "तालीम केली होतीस?"

"केली होती ना, ताई. काल दुपारी, जेवणाच्या वेळी. मोठी तालीम. तुमचाही फोन वाजला की!"

वाजला होता. 'आपलं ऑपरेशन आज आहे, उपाशी पोटी या.' त्या वेळी थोरलीच्या तोंडात घास होता, म्हणून तर तिला जास्तच राग आला होता.

"मग?"

"मग फाइल पेनड्राइव्हवर घालून ह्यांच्याकडे दिली. त्यांनी संध्याकाळी वर चढवली." धाकटीचा आवाज चिरकला. "ताई, तालमीत सगळं नीट होतं हो. मला हे काम सोडायला लावतील का? मला दुसरं काही येत नाही, आणि दुसरं काही आवडतही नाही."

थोरलीची नजर धाकटीच्या लॅपटॉपच्या कोपऱ्यात गेली होती. तिथे तारीख होती कालची. कालसुद्धा असंच होतं. काल चहाच्या वेळी वर स्वयंपाकघरात दोघींचं चांगलं वाजलं होतं. "मला न दाखवताच वर चढवणार का?" यावरून सुरुवात झाली आणि गाडी कुठल्या कुठे गेली. तेव्हा हाच लॅपटॉप टेबलावर उघडा होता, त्यात तारीख आदल्या दिवसाची होती, आणि थोरलीनं टोमणाही मारला होता, "साधं घड्याळ लावता येत नाही, आणि म्हणे तालीम!"

गबाळी कुठली, थोरली मनात म्हणाली, आणि तिला फार बरं वाटलं.

३

धाकटा खुर्चीत रेलून बसला होता. त्याच्या हातात नवा कोरा फोन होता आणि तो अंगठ्यानं उगाचच वरखाली करत होता.

"वहिनी, मला काय विचारतेस? मी हमाल आहे. खालून उचलायचं आणि वर टाकायचं."

"फाइल उघडून बघितली नाहीत, भाऊजी?"

"कशाला? मॅडमचं काम म्हटल्यावर आपण काय बघणार?" 'मॅडम' म्हणताना त्यानं ओठ वाकडे केले. "पूर्वी सगळं मीच लिहायचो, आठवतंय ना? आता तालीमसुद्धा करून कैक महिने झाले असतील. काल तर लॅपटॉपला हातही लावला नाही. संध्याकाळी ऑफिसच्या मशीनवरून फाइल चढवली, संपलं."

"तुमच्या बायकोवर आलंय सगळं. काळजी नाही वाटत?"

"वाटते ना." त्यानं फोन खाली ठेवला. "पण चूक झाली असेल तर झाली. इतकी हुशार असली तरी माणूसच आहे ती. थोडे दिवस घरी बसेल. जगबुडी होणार नाही."

थोरलीला ते ऐकून बरंही वाटलं आणि कसंनुसंही झालं. स्वतःच्या नवऱ्यानं असं म्हटलं असतं तर आपण घर डोक्यावर घेतलं असतं, असा एक विचार आला आणि गेला.

तेवढ्यात प्रिंटरशेजारचा फोन वाजला. पलीकडून एका म्हाताऱ्याचा आवाज आला. आपण शिंपी आहोत, एकटेच राहतो, एक डोळा आधीच गेलाय आणि दुसऱ्याचं आज ऑपरेशन होतं, असं सगळं त्यानं एका दमात सांगितलं.

"रद्द म्हणून मेसेज आला. मग हॉस्पिटलातून फोन, की चुकून गेला. आता विचारायचं एवढंच, की मी पहाटेपासून उपाशी आहे. मी खाऊ का नको?"

"काका, हा नंबर तुम्हाला कुणी दिला?"

"मेसेजच्या खाली होता. नको होता का करायला?"

"नाही नाही, बरं केलंत. थांबा, मी विचारते." तिनं दुसऱ्या फोनवरून हॉस्पिटलला विचारलं. दुपारी घेतो, काही खायला देऊ नका, असं उत्तर आलं. ते ऐकल्यावर म्हातारा म्हणाला, "बरं झालं. सुईत दोरा ओवता येईल ना पण?"

"येईल, काका," थोरली म्हणाली. फोन ठेवल्यावर ती पुटपुटली, "हिला तर मी आता सोडतच नाही."

ती ऑफिसच्या मशीनपाशी गेली आणि क्लाउडवर चढलेला निरोप्या उघडून एकेक ओळ वाचायला लागली. जेवायलाही वर गेली नाही. आणि दुपार कलताना तिला हवं ते सापडलं.

४

"एक ओळच नाही," तिनं थोरल्याला सांगितलं. तिचे डोळे चमकत होते.

"म्हणजे?"

"अहो, क्लाउडचं घड्याळ आपल्यापेक्षा मागे असतं. आपल्याकडे पहाट होते तेव्हा तिकडे अजून आदल्या दिवसाची रात्र. निरोप्या पहाटे उठला आणि त्यानं 'आज कोण?' म्हणून बघितलं. पण त्याच्या घड्याळात आज म्हणजे काल! यादीतल्या सगळ्यांची तारीख त्याच्या तारखेशी जुळेना. त्याला वाटलं, सगळ्यांची ऑपरेशनं पुढे ढकललीत. म्हणून सरसकट सगळ्यांना 'रद्द'. हे टाळायला एक ओळ घालावी लागते, की बाबा रे, आमचं घड्याळ धर, स्वतःचं धरू नकोस. ती ओळ वरच्या फाइलमध्ये नाही."

"पण तालीम तर पास झाली होती?"

"होणारच! लॅपटॉपवर आपलंच घड्याळ. आपल्या घड्याळात पहाट ती पहाटच. घरच्या तालमीत हे कळत नाही, वर गेल्यावर कळतं. म्हणून तर अनुभवी माणसाला दाखवायचं असतं!" हे शेवटचं वाक्य ती कितीतरी महिने पोटात घेऊन फिरत होती.

धाकटीला बोलावलं. तिनं फाइल बघितली आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. "मी ती ओळ घातली होती. शपथ घेऊन सांगते, ताई. माझ्या लॅपटॉपवर बघा."

लॅपटॉपवर ओळ होती. अगदी जिथे हवी तिथे होती.

"आज सकाळी गोंधळ झाल्यावर घातली असशील," थोरली म्हणाली.

मोठ्या कंपन्यांत प्रत्येक बदलाची नोंद आपोआप राहते. इथे फाइल हातोहात जायची, त्यामुळे कुणी कधी काय बदललं याला पुरावा नव्हता. धाकटीनं नवऱ्याकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

"मी हॉस्पिटलला कळवतो मग," थोरला जड आवाजात म्हणाला.

"थांब, दादा." धाकटा वळला. "एक गोष्ट कुणीच बोलत नाहीये. फाइल संध्याकाळपर्यंत माझ्या टेबलावर उघड्यावर पडली होती. हिच्यावर कोण खार खाऊन असतं, हे या घरात कुणाला माहीत नाही? वहिनी, ओळ पुसायला कितीसा वेळ लागतो?"

५

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. ती तडक जिना चढून वर गेली आणि सासूबाईंच्या खोलीत जाऊन धपकन बसली. रागाच्या भरात दार लावायचंही राहिलं.

"मी काहीही केलेलं नाही," ती म्हणाली.

"मी कुठे काय म्हटलं?" सासूबाई पलंगावर बसून फोनशी झटापट करत होत्या. "हे बघ जरा. जागा भरली, जागा भरली म्हणून सारखा कोकलतो मेला. नको ते मेसेज पुसून दे. धाकट्यानं स्वतःला नवा घेतला आणि हे डबडं माझ्या गळ्यात मारलं, नंबरासकट. त्याच्या मित्रांचे फोन अजून मला येतात. परवा एकजण म्हणे, 'काय भावा, कुठे आहेस?' म्हटलं, भावा स्वयंपाकघरात आहे."

एरवी थोरली हसली असती. तिनं फोन घेतला आणि यांत्रिकपणे पुसायला सुरुवात केली. डोकं मात्र खालीच अडकलं होतं. धाकट्याच्या टेबलावरच्या फाइलला काल आपण हात लावला नाही. दुपारी प्रिंटरशी मारामारी, मग चहाला वर, चहा थंड होईपर्यंत भांडण...

तिचं बोट थांबलं.

'आपलं आजचं ऑपरेशन रद्द झालं आहे.' आजचा मेसेज नव्हता तो. कालचा होता, चहाच्या वेळेचा.

"आई, हा कधी आला?"

"सकाळी ओरडून सांगितलं ना, माझं कालच रद्द झालं म्हणून! माझं ऐकतंय कोण? दुपारी म्हणे या, चहाला म्हणे रद्द. म्हटलं बरंय, डोळा वाचला."

थोरलीनं स्वतःचा फोन काढला. त्यात दुपारचा एकच मेसेज, 'उपाशी पोटी या'. चहाच्या वेळचा काहीच नाही. म्हणजे चहाच्या वेळी कुणी तरी तालीम केली होती, आणि तीही छोटी तालीम, कारण एकच फोन वाजला होता. छोटी तालीम म्हणजे ज्याचा लॅपटॉप त्याचा फोन. पण सासूबाईंकडे तर लॅपटॉपच नव्हता!

त्या डबड्या फोनकडे ती बघत राहिली.

६

ज्याला कधी कुणाचा हेवा वाटला नाही, त्याला हे पुढचं कळायचं नाही.

थोरलीला आता सगळं समजलं होतं. आणि ते समजणारी घरात ती एकटीच होती. सासूबाईंना त्या मेसेजचा अर्थ माहीत नव्हता, त्यांनी स्वतःच तो पुसायला सांगितला होता. एक बोट टेकवलं की खेळ संपला. दुपारभर आपण प्रिंटरपाशी होतो आणि मग भांडणात गुंतलो होतो हे धाकटी स्वतःच सांगेल, म्हणजे आपल्यावरचा आळ जाईल. ओळ नसल्याचा ठपका धाकटीवरच राहील. उद्यापासून टेबल पुन्हा खिडकीपाशी. 'आमच्या धाकटीचं डोकं' बंद. किती सोपं होतं! आणि आपण खोटंही बोललेलो नसू, नुसता एक मेसेज पुसलेला असेल, तोही सासूच्या सांगण्यावरून.

तिनं खरंच बोट टेकवलं. फोननं विचारलं, 'नक्की पुसायचं?'

खालून धाकटीचा हुंदका ऐकू आला. तिला कुणी समजावत नव्हतं. म्हणजे तिचा नवरा तिथेच उभा असेल आणि गप्प असेल. सकाळपासून त्यानं तिला धीराचा एक शब्द दिला नव्हता. थोरलीला त्याचा तो 'मॅडम' म्हणतानाचा वाकडा ओठ आठवला. तो ओठ ती ओळखून होती. तोंड धुताना आरशात तिनं तो रोज पाहिला होता.

"पुसलेस का गं?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही, आई," थोरली म्हणाली. "फोन घेऊन खाली चला."

७

सगळे ऑफिसात गोळा झाले. थोरल्याच्या हातात फोन होता, हॉस्पिटलचा नंबर काढलेला.

"ठेवा तो," थोरली म्हणाली. "मी चुकले. चुका काढणारीच चुकले, हसायचं तर हसून घ्या. मी म्हटलं, लॅपटॉपवर आपलं घड्याळ असतं म्हणून तालीम पास झाली. पण हिच्या लॅपटॉपवर आपलं घड्याळ नव्हतंच." ती धाकटीकडे वळली. "काल चहाला मी तुला घड्याळावरून बोलले. तू काही उत्तर दिलं नाहीस. तारीख मागची का होती?"

"क्लाउडची वेळ लावून ठेवते मी," धाकटी नाक ओढत म्हणाली. "आपल्या पहाटे तिकडे जी वेळ असेल, तीच लावून तालीम करते. वरच्यासारखंच खाली व्हायला हवं ना?"

"मग हे सकाळी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंच नाहीत. आणि मला वाटलं, तुमच्यासमोर शहाणपणा दाखवला तर तुम्हाला आणखी राग येईल."

राग आला असता, हे खरंच होतं. थोरलीनं तो मुद्दा सोडून दिला.

"म्हणजे काल त्या घड्याळावर, ती ओळ नसती तर, तालमीत आपल्या सगळ्यांना 'रद्द' आलं असतं. पण 'या' आलं. माझ्या फोनवर आहे, तुमच्याही असेल. तेव्हा ओळ कालच होती. हिनं बरोबर फाइल दिली. ओळ त्यानंतर कुणी तरी काढली."

"मी तेच म्हणतोय, वहिनी," धाकटा म्हणाला.

"अजून संपलं नाही माझं, भाऊजी. ज्यानं ओळ काढली तो आपल्या घरात शिकलेला माणूस. तालीम केल्याशिवाय काहीही वर चढवायचं नाही, हे हाडीमाशी खिळलेलं. वाईट काम करायचं तरी ते नीट होतंय ना, हे बघितल्याशिवाय त्याला चैन पडेना. त्यानं घड्याळ मागे फिरवलं आणि छोटी तालीम केली, म्हणजे मेसेज आपल्या एकट्याच्याच फोनवर येईल आणि घरात कुणाला पत्ता लागणार नाही. पडद्यावर 'रद्द, पोचला' असं बघितलं आणि तो खूश झाला." तिनं सासूबाईंचा फोन टेबलावर ठेवला. "मेसेज इथे आला. काल, चहाच्या वेळी. फक्त इथे."

"म्हणजे आईनं...?" थोरला गोंधळला.

"मी? माझा काय संबंध?" सासूबाई कडाडल्या. "मला अजून गजर लावता येत नाही!"

"आईंचा नाही. पण हा नंबर आधी कुणाचा होता?"

धाकट्यानं हातातला नवा फोन हळूच खिशात घातला.

"भाऊजी, तुमच्या लॅपटॉपमध्ये तुमचा म्हणून अजून जुनाच नंबर आहे. नवा फोन घेतल्यापासून तुम्ही एकदाही तालीम केली नव्हती, म्हणून बदलायचं लक्षात आलं नाही. काल लॅपटॉपला हात लावला नाही म्हणालात ना? उघडा बघू."

त्यानं उघडला नाही. उघडायची गरजही उरली नव्हती.

"चहाच्या वेळी आम्ही दोघी वर भांडत होतो," थोरली म्हणाली. "हे तुमचे दादा हॉस्पिटलात होते. लॅपटॉपपाशी तुम्हीच होतात."

"का रे?" सासूबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला होता.

धाकटा एकदम उसळून म्हणाला, "हॉस्पिटलात परवा माझी ओळख काय करून दिली माहितीये? 'हे मॅडमचे मिस्टर.' मी मिस्टर! हे सगळं उभं कुणी केलं? मी! हिला निरोप्या लिहायला शिकवलं कुणी? मी! वाटलं, एकदा चुकू दे हिला. एकदा सगळ्यांसमोर चुकू दे. म्हणजे मग मी दुरुस्त करीन. एवढंच होतं माझ्या मनात. हिचं काम खरंच सुटतंय असं दिसलं, तेव्हा घाबरून वहिनीचं नाव पुढे केलं."

"एक म्हातारा सकाळपासून उपाशी बसला होता," थोरली म्हणाली. "मी खाऊ का, म्हणून विचारत होता."

धाकटीनं डोळे पुसले. ती नवऱ्याकडे एकटक बघत होती. ती ओरडेल असं सगळ्यांना वाटलं, पण ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "मला नुसतं म्हणाला असतास, की मला परत लिहायचंय. मी दिलं असतं रे."

थोरल्यानं भावापुढे हात पसरला. धाकट्यानं आपलं क्लाउडच्या चाव्यांचं कार्ड काढून त्यावर ठेवलं आणि जिना चढून वर निघून गेला. मग थोरल्यानं हॉस्पिटलला फोन लावला आणि जे घडलं ते स्वतःच्या भावाचं नाव घेऊन सांगितलं. पलीकडच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. शिंपीकाकांचं ऑपरेशन नीट पार पडलंय, आणि दोरा कधी ओवता येईल म्हणून त्यांनी आतापासूनच सगळ्यांना भंडावून सोडलंय, हेही सांगितलं.

८

पुढच्या आठवड्यात एका सकाळी धाकटी प्रिंटरशेजारी येऊन उभी राहिली. हातात लॅपटॉप होता.

"ताई, निरोप्या सुधारलाय थोडा. आता तुम्ही बघितल्याशिवाय वर जाणार नाही."

"मस्का नको लावूस," थोरली म्हणाली आणि लॅपटॉप ओढून घेतला.

तिनं चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. दुपारपर्यंत ती वाचत होती. तारखा उलट्यासुलट्या करून बघितल्या, घड्याळ पुढे-मागे फिरवलं, मधेच नेट बंद करून बघितलं. कुठेतरी एखादी बारीकशी चूक सापडावी, अगदी नखाएवढी, म्हणून तिनं जंग जंग पछाडलं. एक चूक सापडेल तर शपथ! तिच्या तळपायाची आग अशी मस्तकात गेली की विचारू नका. इतकं स्वच्छ काम माणसानं करावं तरी कशाला?

शेवटी तिनं मोठी तालीम लावली. तिचा फोन वाजला. थोरल्याच्या खिशातला वाजला. धाकटीचा वाजला. वरून सासूबाई ओरडल्या, "अगं, आता कुठला डोळा?"

आणि मग आणखी एक फोन वाजला. वर, जिन्याशेजारच्या त्या खोलीत, जिचं दार आठवडाभर फक्त जेवणापुरतं उघडत होतं.

थोरलीनं चमकून धाकटीकडे पाहिलं. धाकटी प्रिंटरमधला कागद सरळ करत होती.

"ह्यांचा नंबर जुना राहिला होता," ती मान वर न करता म्हणाली. "बदलून घेतला."

आता हिला काय म्हणावं? त्या माणसानं हिचं नाव मातीत घालायला कमी केलं नव्हतं, आणि हिनं त्याला तालमीतून वगळलंसुद्धा नव्हतं. आपण असतो तर? थोरलीला उत्तर माहीत होतं, आणि म्हणूनच तिला धाकटीचा पुन्हा हेवा वाटला. हुशारीचा वाटायचा त्याहून कितीतरी जास्त वाटला.

वरचं दार कुरकुरलं. कुणीतरी जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत आलं आणि तिथेच थांबलं.

"भाऊजी, मेसेज नीट आला का?" थोरलीनं खालूनच खणखणीत आवाजात विचारलं.

वरून उत्तर आलं, "आला, वहिनी."

"मग तिथे काय उभे राहिलात? आईंना विचारा, कुठला डोळा ते, आणि या चहाला खाली."

मग तिनं लॅपटॉप मिटला, धाकटीच्या हातात दिला आणि म्हणाली, "पास. पण माझं टेबल खिडकीपाशी लागल्याशिवाय वर चढवायचा नाही."

धाकटीनं लॅपटॉप बाजूला ठेवला आणि टेबलाचं दुसरं टोक धरलं.